धोंड्याच्या महिन्यात घट्ट केलेली रॅम

रविवार, १७ मे २०२६, देवास

सोळा! दोन दिवस बावीसवर अडून बसलेली रॅम आज सोळावर आली आणि कंप्युटर कुरकुर न करता सुरू झाला.

पुढे हे वाचताना मलाच काही कळायचं नाही, म्हणून सोपं करून लिहून ठेवतो. कंप्युटरने रॅमकडे काही मागितलं की ती लगेच देत नाही. काही ठोके थांबते, मग देते. कंपनीवाले हे ठोके सैलच ठेवतात, कुठेही बिघडू नये म्हणून. ते आपण एकेक करून कमी करायचे. याला टायमिंग घट्ट करणं म्हणतात. लोक नवा कंप्युटर घ्यायला धावतात आणि जुन्याच्या पोटात पडून असलेला वेग कोणी बाहेरच काढत नाही.

मोजणाऱ्या प्रोग्रॅमने नऊ टक्के सुधारणा दाखवली. मला आकड्यांची गरज नाही. माउस हातात घेतला की कळतं. फाइल उघडताना पूर्वी एक आळस असायचा, तो गेला.

वल्लरीला खुर्चीवर बसवलं. तिने शाळेचं निकालपत्रक उघडलं, विजेचं बिल भरलं आणि उठली.

"काही फरक?" मी विचारलं.

"कशात?"

"वेगात."

"बिल भरलं गेलं की," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. काही लोकांना आंब्याचीही चव कळत नाही, त्यातलाच प्रकार.

बारा वर्षं मी या कारखान्याच्या ऑफिसात कंप्युटर सांभाळतोय. म्हणजे काय करतोय, तर लोकांचे विसरलेले पासवर्ड काढून देतोय आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढतोय. आता पुरे. ए.बी. रोडवर छोटंसं दुकान टाकायचं. विक्री नाही, दुरुस्ती नाही, फक्त वेग. नावही ठरलंय, 'चपळ'.

वल्लरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राजीनाम्याआधी एक तरी कंप्युटर असा दाखवा, जो आपला नाही, आणि वापरणारा स्वतःच्या तोंडाने म्हणतोय की फरक पडला. मग मी अडवणार नाही. माझ्या पगारात वर्षभर कसं भागवायचं ते मी बघीन."

इतकं सरळ बोलणं ऐकून मला तिचा अभिमान वाटला. म्हटलं, "मग धारलाच जाऊ. अण्णांचा कंप्युटर आहेच."

"धारला नको."

"का?"

"तिथे तुम्ही जावई आहात. त्यात आजपासून अधिक महिना लागलाय."

रॅमचा आणि पंचांगाचा काय संबंध, ते तिचं तिलाच माहीत.


रविवार, २४ मे, धार

सासुरवाडीला आलोय. धोंड्याचं जेवण झालं, पोटाला तडस लागलीय, तरी लिहायला हवं.

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, हे अण्णांकडे नुसतं बोलण्यापुरतं नाही. चंदनाचा पाट, भोवती रांगोळी, पुरणाचे धोंडे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर तुपाचा दिवा. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे अण्णा माझ्या पायाला हात लावू लागले. मी संकोचून पाय मागे घेतले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "असू द्या हो अजेयराव, हा मान तुमचाच." मान माझा असेल तर मी काय बोलणार!

मग कंप्युटर. तो खरं तर श्रियाचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा. मनावर गावचा एक फोटोग्राफर भैया आहे, त्याच्या लग्नांचे अल्बम ती घरबसल्या सजवून देते. अण्णा त्यावर सकाळी पेपर वाचतात.

श्रिया दारात उभी राहून म्हणाली, "जिजाजी, आज नका ना. मनावरवाल्या भियाचे तीन अल्बम पेंडिंग आहेत. अधिक मासात लग्नं बंद असतात म्हणून तर जुना माल काढतेय. एकदा लग्नं सुरू झाली की मरायला फुरसत नसते."

स्वयंपाकघरातून हाक आली, "श्रियाऽ, जरा आत ये." आत थोडी कुजबुज झाली, एक झाकण पडलं आणि श्रिया बाहेर आली ती हसतच. "करा ना जिजाजी! मी तर म्हणतच होते." विचार करून मत बदलणारी माणसं मला आवडतात.

बावीस, बावीस, बावीसचं सोळा, अठरा, अठरा केलं. वीजही थोडी वाढवून दिली. दोनदा बंद पडून निळा पडदा आला, पण नवा वेग अंगवळणी पडायला वेळ लागणारच. तिसऱ्यांदा सुरळीत सुरू झाला. मग सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, "सांगा, किती फास्ट झाला?"

अण्णा चष्मा लावून बसले. "वा! अजेयराव, बोट उचलायच्या आत पान हजर!" पेपरचं ते पान आधीपासून उघडंच होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पण भावना खोटी नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "आमचा तर कूलरसुद्धा आज बरा चाललाय." (व्होल्टेज एकदा तपासून बघायला हवं.)

श्रिया म्हणाली, "हो जिजाजी, एकदम फास्ट."

तीन माणसं, तीन मतं, एकही विरोधात नाही. वल्लरीला म्हटलं, "झालं समाधान?" ती पंख्याकडे बघत होती. परत येताना इंदूरपर्यंत एक शब्द बोलली नाही. हरलेलं माणूस असंच गप्प असतं.


बुधवार, २७ मे, देवास

श्रियाला फोन केला. मागे गाड्यांचे हॉर्न, कोणीतरी चहा मागतंय. म्हटलं, "कुठे आहेस?" तर म्हणाली, "मधुवंतीकडे. तिचा लॅपटॉप... म्हणजे सहजच बसलेय, जिजाजी." ही मधुवंती तिची शाळेतली मैत्रीण. बस स्टँडसमोर तिचं झेरॉक्सचं दुकान आहे.

म्हणजे बघा, काम इतक्या झपाट्याने उरकतंय की पोरगी भर दुपारी मैत्रिणीकडे गप्पा मारायला मोकळी! हे दुकानाच्या पत्रकात घालता येईल.


सोमवार, १ जून

दिला राजीनामा.

काल लिहायला बसलो तर पहिली ओळ तीनदा खोडली, हे कबूल करतो. बारा वर्षांत त्या ऑफिसने मला काही दिलं नाही असं नाही. सकाळची पोहे-जलेबी, साहेबांचं "अरे अजेय भिया" म्हणणं, डिस्पॅचमधल्या खिडकीतून दिसणारी टेकडी. हे सगळं सोडायचं? मग धारचे तिघं आठवले आणि पत्र पुरं केलं. १६ जूनपासून मोकळं करावं, असं लिहिलं. सोळा हा आकडा मुद्दाम घातला.

घरात साधं पाकीट सापडेना. कपाटात पत्रिकेचं एक जाड, सोनेरी काठाचं कोरं पाकीट पडलं होतं, त्यातच घातलं. चांगल्या कामाची सुरुवात चांगल्या पाकिटातून झालेली काय वाईट?

साहेब फोनवर होते. मी पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हाताने 'ठीक आहे' अशी खूण केली. बारा वर्षांचा हिशोब एका खुणेत मिटवला! मोठा माणूस आहे. मला भरून आलं, म्हणून लगेच बाहेर आलो.

वल्लरीला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. बराच वेळ नळ तसाच चालू राहिला. मग म्हणाली, "मी शब्द दिला होता. तो पाळीन." आवाज जरा बसल्यासारखा वाटला. सध्या शाळेत तिला फार बोलावं लागतं.


गुरुवार, ४ जून

साहेब अजून राजीनाम्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आज व्हरांड्यात भेटले तर म्हणाले, "अजेय भिया, वो ऊपर वाले प्रिंटर में फिर कागज फँस गया." जड जातंय त्यांना. विषय टाळतायत.


शनिवार, ६ जून, धार

ऑफिसच्या कामाने बदनावरला मंडीत गेलो होतो. येताना न कळवता धारला उतरलो. सासूबाईंची फार धांदल उडाली. "अगं बाई, कळवायचं तरी!" म्हणत आधी बैठकीच्या खोलीकडेच धावल्या.

मी मागोमाग गेलो. कंप्युटरवर भरतकामाचं झाकण घातलेलं, त्यावर तुळशीचं पान. मी हात लावलेल्या वस्तूला घरात केवढी किंमत आहे! झाकण काढून पेटीला हात लावला, तर थंडगार. जूनच्या उन्हात, कूलर बंद असताना थंडगार! टायमिंग घट्ट केलं की उष्णताही कमी होते, हे मला नवीन होतं.

सुरू केला. श्रियाच्या सगळ्या फायलींवर शेवटची तारीख २४ मे. घड्याळ अडकलेलं दिसतंय, आतला सेल बदलायला हवा. एक अल्बम उघडला, तर नवरीच्या कपाळापासून गळ्यापर्यंत हिरवा पट्टा. दुसऱ्या फोटोत अर्धा नवरदेव गायब. हा मनावरवाला कसला भिकार कॅमेरा वापरतो!

हे लिहिताना आता काहीतरी खटकतंय. त्या वेळी पुरतं खटकण्याआधीच सासूबाईंनी आमरसाची वाटी हातात दिली. थोड्या वेळाने श्रिया आली. घामाघूम, डोळे लाल. म्हटलं, "काय गं?" म्हणाली, "ऊन, जिजाजी."

"कंप्युटर कसा चाललाय?"

तिने आईकडे बघितलं. "काही त्रासच देत नाही."


बुधवार, १० जून, देवास

आज जे झालं ते लिहू की नको, असं झालंय. पण दैनंदिनीशी खोटं बोलायचं असेल तर मग ती ठेवायचीच कशाला?

रविवारी मी घरच्या कंप्युटरवर एक चाचणी करायला ठोके पुन्हा बावीस केले होते. चाचणी आटोपली आणि परत सोळा करायचे विसरलो. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस मी बावीसवर काम केलं. कालच वल्लरीला म्हणालो होतो, "बघ, काय पळतोय!"

आज सेटिंग बघितलं, तर बावीस. मग घड्याळ लावून बसलो. पेपर उघडायला किती वेळ, बिलाचं पान यायला किती वेळ. बावीस असो की सोळा, घड्याळ तेच सांगतं. मोजणारा प्रोग्रॅम मात्र नऊ टक्के म्हणतोच. ते नऊ टक्के जातात कुठे? ते माझ्या बोटांपर्यंत का येत नाहीत?

जेवताना वल्लरीला सांगून टाकलं. ती हसेल असं वाटलं होतं, हसली नाही.

मी म्हटलं, "पण धारचे तिघं तर म्हणालेच ना."

"रविवारी जाऊ धारला. तिथे काही करू नका. नुसतं बसा, उठा आणि त्यांना विचारा."

"आणि तरी फास्ट झाला म्हणाले तर?"

तिने माझ्या ताटात आमटी वाढली. "तर मग मंगळवारच्या आत काय करायचं ते तुम्हीच ठरवा."


रविवार, १४ जून, धार

जेवणाआधीच कंप्युटर लावला. सेटिंगच्या निळ्या पानावर बराच वेळ बसून राहिलो. काही बदललं नाही. बाहेर पडलो आणि हाक मारली, "आज आणखी घट्ट केलाय. सांगा, किती फास्ट झाला?"

अण्णा म्हणाले, "कमाल! आज तर नजर पोचत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मला तर भीतीच वाटते बाई एवढ्या वेगाची."

श्रिया म्हणाली, "मस्त, जिजाजी."

"अण्णा, मी आज काहीच केलं नाही," मी म्हणालो.

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. शेवटी म्हणाले, "अजेयराव, धोंड्याच्या महिन्यात पाटावर बसवलेल्या जावयाला काय म्हणायचं? तुम्ही बिघडवलंत म्हणून? आमच्या घरात असं कोणी बोललं नाही हो कधी."

"बिघडवलं?"

श्रिया दाराला टेकून उभी होती. "उद्या अमावस्या आहे, जिजाजी. अधिक मास संपतोय. मंगळवारी सकाळी मी तुम्हाला फोन करणारच होते." आणि मग ती थांबेचना. "चोवीस तारखेपासून एक अल्बम पूर्ण झाला नाही यावर. अर्ध्या तासात निळा स्क्रीन. दोन नवऱ्या हिरव्या झाल्या, पूर्ण फाइल करप्ट. मधुवंतीच्या लॅपटॉपवर दिवसभर बसते मी, दुकानात, लोकांच्या आधार कार्डच्या झेरॉक्समध्ये. एक अल्बम भियाने दुसऱ्याला देऊन टाकला. म्हणाला, तुझ्याच्याने नाही होणार."

"अगं, मग मला सांगायचं ना! मी विचारत होतो की."

"तुम्ही 'फास्ट झालाय का' असं कुठे विचारलंत? 'किती फास्ट झाला' विचारलंत."

सासूबाई म्हणाल्या, "श्रिया, पुरे." मीच म्हटलं, "बोलू द्या तिला."

तेव्हा वल्लरी शांतपणे म्हणाली, "अण्णा, यांनी तुमच्या शब्दावर नोकरीचा राजीनामा दिलाय."

अण्णा मटकन खाली बसले. "नोकरी सोडली? कंप्युटर फास्ट झाला म्हणून?" त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. "विनोदिनी, अगं, आपल्याला वाटलं घरातल्या घरात चार कौतुकाचे शब्द..." अडुसष्ट वर्षांचा माणूस माझ्यासमोर अपराधी होऊन बसला होता, आणि चूक सगळी माझी. मला इतकी लाज वाटली की तोंड लपवायला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर रागही आला. या माणसांनी मला एवढा मान का द्यावा!

आधी सगळं पुन्हा बावीस केलं. मग श्रियाच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. ती फोटो लावत गेली, मी कॅमेऱ्याच्या मूळ कार्डातून नवऱ्या शोधून देत गेलो. नवरदेवाची हरवलेली अर्धी बाजूही मिळाली. मध्ये कंप्युटर एकदाही अडला नाही. तो किती वेगाने चाललाय हे बघायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. उठलो तेव्हा दोन अल्बम झाले होते. श्रिया म्हणाली, "जिजाजी, तुम्ही फोटो शोधण्यात एकदम फास्ट आहात." मी तिच्याकडे संशयाने बघितलं, तर ती म्हणाली, "खरंच म्हणतेय."

येताना वल्लरी म्हणाली, "उद्या लवकर जा ऑफिसला. पत्र वर गेलं नसेल तर मागून घ्या."

"आणि गेलं असेल तर?"

तिने माझा हात हातात घेतला. इंदूर येईपर्यंत सोडला नाही. पंधरा दिवस ती किती घाबरलेली होती, ते मला आज कळलं. मी तिला रागावलेली समजत होतो.


सोमवार, १५ जून, देवास

साहेब यायच्या आधीच त्यांच्या दारात उभा होतो. रात्रभर वाक्यं जुळवली होती. साहेब, घरची अडचण होती. साहेब, बुद्धी फिरली होती. बारा वर्षांकडे बघून एकदा माफ करा. पाय धरायचीही तयारी होती.

साहेब आले, खुर्चीवर टेकले. मी म्हणालो, "साहब, वो जो मैंने आपको लिफाफा दिया था..."

"कौनसा?" त्यांनी खण उघडला. जुन्या डायऱ्या आणि मिठाईचा रिकामा डबा बाजूला सारला आणि खालून सोनेरी काठाचं पाकीट काढलं. चिकटवलेलं होतं तसंच. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. "अरे हाँ, ये! भिया, मैंने सोचा शादी का कार्ड है. फिर सोचा अधिक मास में किसकी शादी, आगे की होगी, बाद में देख लूँगा. किसकी है?"

मी टेबलाचा काठ धरला. सुटलो म्हणून डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी बारीकशी कळही उठली. पंधरा दिवस मी या ऑफिसचा निरोप घेत हिंडत होतो. खिडकीतून टेकडीकडे शेवटचं म्हणून बघत होतो, साहेबांच्या मौनाचे अर्थ लावत होतो. ऑफिसला पत्ताच नव्हता.

पाकीट त्यांच्या हातून घेतलं. "कुछ नहीं साहब. पूछना था कि डिस्पैच वाला कंप्यूटर थोड़ा फास्ट कर दूँ क्या."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "क्यों? चल तो रहा है ना?"

"हाँ साहब," मी म्हणालो, "चल रहा है."

"तो फिर जाओ, ऊपर प्रिंटर में कागज फँसा है." मी गेलो.